टोन पॉट काढले, आता भोकांचं काय करू?

प्रश्न : माझी स्ट्रॅटोकास्टर टाइपची इलेक्ट्रिक गिटार आहे. ब्रिजजवळ हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) टाकला, बाकीचे दोन पिकअप (तारांचा आवाज टिपणारे चुंबकी भाग) आणि दोन्ही टोन पॉट (आवाजाचा पोत बदलणारी फिरती बटणं) काढून एकच व्हॉल्यूम ठेवला. आवाज मस्त येतोय पण पिकगार्डवरची (पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्यावरची) उघडी भोकं बघवत नाहीत. खालून काळी टेप लावलेली, ती घामाने सुटली. एपॉक्सी पुट्टी भरू का? मित्राच्या गिटारला लाकडातच जुन्या स्विचचं भोक आहे, तेही तसंच बुजेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पुट्टी नको, अगदी मनापासून सांगतो. पिकगार्ड जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं, त्यात पुट्टीला धरायला जागाच नाही, एक धक्का लागला की चकती निघून येते. रंग जुळत नाही ते वेगळंच, आणि उद्या टोन परत हवासा वाटला तर ड्रिल घेऊन बसावं लागेल.

काढलेले पॉट जपून ठेवलेत ना? तेच परत बसवा. वायरी जोडायच्या नाहीत, नुसता नट आवळायचा आणि वर नॉब. फक्त पॉटच्या पाठीवरून एक छोटी वायर व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीला सोल्डर करा, म्हणजे अर्थिंग मिळेल आणि धातूचा नॉब असला तरी हात लागल्यावर गुणगुण येणार नाही. पिकगार्डच्या मागे फॉइल असेल तर तेवढंही लागत नाही. यात कमीपणा वाटून घेऊ नका, रॉक गिटारवादक एडी व्हॅन हॅलनच्या त्या प्रसिद्ध लाल पट्ट्यांच्या गिटारलाही चालू पिकअप एकच, मानेजवळचा पिकअप आणि मधल्या खाचेतला स्विच नुसते बसवलेले, आणि व्हॉल्यूमच्या नॉबवर ‘टोन’ लिहिलेलं!

पिकअपच्या खाचांचंही तसंच, जुने पिकअप वायरीच्या टोकांना स्लीव्ह घालून परत लावा, पण स्क्रू सैल करून चांगले खाली उतरवा, कारण जोडलेले नसले तरी त्यातली चुंबकं तारांना ओढतातच आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो.

एका भोकात काहीतरी कामाचं हवं असेल तर हमबकरला चार वायरी आणि शील्ड आहे का बघा. असेल तर मिनी टॉगल (छोटा खटक्याचा स्विच) टाकून एक कॉइल बंद-चालू करता येते. टॉगलची मान साधारण सहा मिलिमीटर, पॉटचं भोक त्याहून मोठं, त्यामुळे वरून-खालून रुंद वॉशर लागतीलच.

मित्राच्या गिटारची गोष्ट वेगळी. मी एकदा असंच लाकडातलं भोक पुट्टीने भरून वर रंग मारला होता, दिसायला झकास, पण एक पावसाळा गेला, लाकूड फुगलं, आकसलं आणि रंगावर गोल रिंग उमटली ती कायमची. लाकडात लाकूडच घाला. पण बाजारातली गोल दांडी कापून ठोकली तर वर तिच्या रेषांचं कापलेलं टोक येतं, ते पॉलिश जास्त पितं आणि काळा ठिपका दिसतो. त्याच जातीच्या फळीतून प्लग कटरने (गोल बुच कापणाऱ्या ड्रिलच्या पात्याने) आडवी बुच कापायची, रेषा बॉडीच्या रेषांना जुळवायच्या, लाकडाचा गोंद लावून रात्रभर सुकू द्यायचं आणि मग घासायचं. गिटार जुनी असेल, मूळ पॉलिश शाबूत असेल तर यातलं काहीच घरी करू नका, स्विचच परत बसवून ठेवा.