वर्षाला चार लाख साठतील का?

घरखर्च, बचत आणि कर्ज यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरातून उत्तरे दिली जातात. या वेळी आलेल्या पत्रांत काटकसरीविषयीची पत्रे अधिक होती. त्यांतील तीन पत्रे घेतली असून पहिल्या पत्राला जरा विस्ताराने उत्तर दिले आहे, कारण त्यात पूर्ण हिशेब दिलेला आहे आणि हिशेब दिल्याशिवाय अशा प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो. घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि तिसरीत शिकणारी मुलगी असे चौघे आहोत. मी ठाण्याला नोकरी करते, यजमान खासगी कंपनीत आहेत. दोघांचा मिळून दरमहा ९२,००० रुपये पगार हातात येतो आणि दिवाळीला यजमानांना ४५,००० रुपये बोनस मिळतो. महिन्याचा खर्च असा : घरभाडे १८,०००, दुचाकी आणि मोबाइलचे हप्ते ६,२०० (पैकी मोबाइलचा २,४०० रुपयांचा हप्ता चार महिन्यांनी संपेल), किराणा, भाजी आणि दूध १६,५००, गॅस, वीज आणि इंटरनेट ५,२००, लोकल आणि रिक्षा ५,६००, मुलीची शाळा आणि क्लास ७,५००, बाहेरचे खाणे ८,५००, सासूबाईंची औषधे ३,२००, कामवाल्या मावशी २,५००. बँकेत ५,००० रुपयांची आरडी आहे. घर घेण्यासाठी एका वर्षात चार लाख साठवायचे आमच्या मनात आहे. त्यासाठी दूध अर्धा लिटर कमी करावे, मावशींना थांबवावे आणि मुलीचा क्लास बंद करावा असे मला वाटते. सासूबाईंना हे पटत नाही. आपले मत काय? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांची बेरीज आरडीसह ७८,२०० रुपये होते आणि हातात येतात ९२,००० रुपये. म्हणजे दरमहा १३,८०० रुपयांचा उल्लेख आपल्या पत्रात कुठेच नाही. वर्षाला ही रक्कम १,६५,६०० रुपये होते. दुधाच्या अर्ध्या लिटरने महिन्याला फार तर नऊशे रुपये वाचतील. तेव्हा शोध कुठून सुरू करायचा हे आकडेच सांगत आहेत, आणि सासूबाईंचे म्हणणे आम्हाला योग्य वाटते.

हे पैसे कुणी उधळलेले नसतात. जून महिन्यात वह्या-पुस्तके, गणवेश आणि दप्तर, गणपतीला गावी जाण्याचे भाडे, दिवाळीचे कपडे आणि फराळ, लग्नसराईतील आहेर, विम्याचा हप्ता, दुचाकीची सर्व्हिसिंग, कुणाचे तरी आजारपण, हे सगळे खर्च दरवर्षी ठरलेले असूनही महिन्याच्या हिशेबात ते कधीच धरले जात नाहीत आणि आले की 'अचानक आले' असे आपण म्हणतो. उरलेला भाग मोबाइलवरून पन्नास, शंभर, दोनशे असा जातो. आज रात्री दोघांनी बसून आपापल्या बँकेचे मागच्या बारा महिन्यांचे खातेउतारे काढावेत आणि प्रत्येक नोंदीसमोर पेन्सिलीने एकच अक्षर लिहावे : वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चाला 'व', टाळता आला असता त्याला 'ट'. हे काम कंटाळवाणे आहे, दोन संध्याकाळी जातील, पण पुढचा सगळा बेत त्यावर उभा आहे. आमच्या अंदाजाने आपल्यासारख्या कुटुंबाचे 'व' खर्च वर्षाला पाऊण लाखाच्या पुढे जातात. म्हणून दरमहा ६,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ७८,०००, वेगळ्या बचत खात्यात टाकावेत आणि शाळा, सण, आहेर यांसाठी फक्त त्याच खात्यातून पैसे काढावेत. असे केले तर १३,८०० पैकी ७,३०० रुपये मोकळे होतात आणि दिवाळीचा बोनस दिवाळीतच संपून जात नाही.

यानंतर मोठी बाब बाहेरच्या खाण्याची. ८,५०० रुपये ही चैन नसून थकव्याची किंमत आहे असे आपले पत्र वाचून वाटते. संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलने उभ्याने घरी पोहोचलेल्या बाईने रात्री पोळ्या लाटाव्यात आणि पैसे वाचवावेत असा सल्ला देणे सोपे आहे, पण तो टिकत नाही. दोन आठवडे निभावतो आणि तिसऱ्या शुक्रवारी पुन्हा ॲप उघडले जाते. आपण डोंबिवलीत राहता, पोळी-भाजी केंद्रांची तिथे वाण नाही. उशीर होणार हे ठाण्याहून निघतानाच कळते, तेव्हा त्या दिवशी येता येता पोळ्या घ्याव्यात आणि घरी फक्त वरण-भात आणि कोशिंबीर करावी. ॲपवरून मागवलेल्या जेवणात पदार्थाच्या चढ्या दराखेरीज पॅकिंग, पोहोचवण्याचा खर्च आणि कर असे तीन भार असतात, ते यात नाहीत. महिन्यातून एकदा चौघांनी हॉटेलात जरूर जावे. अशा रीतीने हा खर्च २,५०० रुपयांवर आणता येईल आणि ६,००० वाचतील. याच कारणाने मावशींना थांबवू नये. त्यांचे २,५०० रुपये वाचवायला जाल आणि भांडी घासून दमल्यावर त्याहून अधिक रक्कम बाहेरच्या जेवणावर घालवाल. मुलीच्या क्लासचा निर्णय तिला त्याची गरज आहे की नाही यावरून घ्यावा, बचतीवरून नव्हे.

किराण्यात २,५०० रुपये कमी होण्यासारखे आहेत, मात्र खाण्यात कपात करून नव्हे. महिन्याची यादी करून वाण्याकडून एकदाच सामान भरावे आणि दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर 'पोहोच मोफत' व्हावी म्हणून अनावश्यक वस्तू टाकण्याची सवय सोडावी. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा आणि लोकलचा मासिकऐवजी त्रैमासिक पास यांतून १,४०० रुपये सहज निघतील. विजेच्या बाबतीत एवढे ध्यानात ठेवावे की महावितरणचे घरगुती दर १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३०० आणि ३०१ ते ५०० असे टप्प्याटप्प्याने वाढतात, त्यामुळे तीनशेच्या थोडे वर जाणारे मीटर तीनशेच्या आत आणले की वाचणारे प्रत्येक युनिट महागाचे असते. सगळी बिले मिळून ६०० रुपये धरू.

सासूबाईंच्या औषधांची मात्रा किंवा दिवस कमी करण्याचा विचारही करू नये. त्याऐवजी पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना जेनेरिक नावाने औषधे लिहून देण्याची विनंती करावी आणि जवळच्या जनऔषधी केंद्रात दर पाहावेत. रक्तदाब, मधुमेह अशा रोजच्या औषधांत हा फरक मोठा असतो. महिन्याला हजार रुपये वाचावेत.

आता बेरीज करू. सध्याची आरडी ५,०००, मोकळे झालेले ७,३००, खाण्याचे ६,०००, किराण्याचे २,५००, प्रवासाचे १,४००, औषधांचे १,००० आणि बिलांचे ६०० असे दरमहा २३,८०० रुपये होतात. वर्षाचे २,८५,६००. मोबाइलचा हप्ता संपल्यावर आठ महिन्यांचे १९,२०० आणि बोनसचे ४५,००० मिळवले की ३,४९,८०० रुपये. म्हणजे चार लाखांना सुमारे पन्नास हजार कमी पडतात, आणि हे आपल्याला स्पष्ट सांगितलेले बरे.

ही तूट भरून काढण्यासाठी एक-दोन स्टेशने पुढे स्वस्त घर घेण्याचा विचार आपल्या मनात येईल. भाडे चार हजारांनी कमी झाले तरी वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. त्यातून दलालाचे एका महिन्याचे भाडे, नव्या कराराची नोंदणी, सामानाचा टेम्पो आणि वाढलेला प्रवास वजा केला तर हाती फार थोडे उरते, शिवाय मुलीची शाळा लांब पडते. एका वर्षासाठी हा खटाटोप करू नये असे आमचे मत आहे. त्यापेक्षा मुदत दोन महिन्यांनी वाढवावी. चौदा महिन्यांत याच गतीने ४,०२,२०० रुपये जमतात आणि कुणाच्या ताटातले काही काढावे लागत नाही.

रक्कम साठवण्याची पद्धत मात्र बदलावी लागेल. महिनाअखेरीस उरेल ते बाजूला ठेवू, असे म्हटल्यास काही उरत नाही. पगार जमा होईल त्याच्या दुसऱ्या दिवशी आरडीचा हप्ता आणि वार्षिक खर्चाचे ६,५०० आपोआप कापले जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवावी.

घराविषयी एक गोष्ट आताच लक्षात घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के रक्कम देऊ शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सामान्यतः या किमतीत धरला जात नाही, तो आपल्याच खिशातून जातो. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, तिचा विचार जरूर करावा. तरीही चाळीस लाखांच्या घराला चार लाख पुरणार नाहीत. हे चार लाख म्हणजे पहिला टप्पा समजावा.

प्रश्न : आमच्याकडे पूर्वी उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरत असत. आता आम्ही दर महिन्याला पिशवीतले पीठ आणतो. वर्षाचा गहू एकदम घेतला तर मोठी बचत होईल का? घरात पाच माणसे आहेत. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : बचत होईल, परंतु ती मोठी होईल अशी अपेक्षा ठेवू नये. पाच माणसांना वर्षाला दीड क्विंटल गहू धरला आणि हंगामात किलोमागे सहा रुपये वाचले तरी हा फरक ९०० रुपयांचाच होतो. तयार पिठाऐवजी गहू घेऊन गिरणीतून दळून आणण्यात याहून अधिक वाचते, आणि ते दरमहा गहू घेऊनही साधता येते.

साठवण करायचीच असेल तर एप्रिल-मेमध्ये नवा गहू घ्यावा, निवडून दोन-तीन कडक उन्हे द्यावीत आणि रात्रभर पसरून पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत भरावा. उन्हातून उचलून गरम गहू भरला तर आत दमटपणा धरतो आणि श्रावणापर्यंत सोंडे होतात. वाळलेला कडुनिंबाचा पाला थराथरांत घालावा, तूरडाळीला एरंडेलाचा हात लावावा. रवा, बेसन, शेंगदाणे यांची वर्षाची साठवण करू नये. या खरेदीसाठी क्रेडिट कार्डाचा हप्ता पाडणार असाल तर वर्षाचे धान्य घेऊच नये, त्या व्याजात सगळी बचत बुडेल.

प्रश्न : मी नाशिकला नोकरी करतो आणि मित्रांसोबत खोली घेऊन राहतो. काटकसरीने राहून दरमहा २०,००० रुपये शिल्लक टाकतो. वर्षाने बहिणीच्या लग्नासाठी ही रक्कम हवी आहे. एक पतसंस्था बँकेपेक्षा बरेच जास्त व्याज देते, मित्र भिशीत या म्हणतात, आणि कार्यालयातील सहकारी शेअर बाजार सुचवतात. काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लग्नाची तारीख पुढे ढकलता येत नाही, म्हणून शेअर बाजाराचा पर्याय इथे बाद. राहिला व्याजाचा प्रश्न. दरमहा २०,००० रुपयांच्या आरडीवर सहा टक्क्यांनी वर्षात सुमारे ७,८०० रुपये व्याज होते, कारण शेवटचा हप्ता बँकेत जेमतेम महिनाभरच राहतो. दर दोन टक्क्यांनी जास्त मिळाला तरी फरक अडीच हजारांच्या आसपास पडतो. एवढ्यासाठी २,४०,००० रुपये धोक्यात घालावेत का, हे आपणच ठरवावे. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे, ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. सहकारी बँकाही त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. पोस्टाची आरडी सुरक्षित असली तरी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही, त्यामुळे बँकेची बारा महिन्यांची आरडीच आपल्याला योग्य आहे.

भिशीत एकाने हप्ता थांबवला तर फटका मागे राहिलेल्या सगळ्यांना बसतो आणि त्याला जबाबदार धरायला कागद नसतो. मित्रांचा आग्रह मोडवत नसेल तर दोन हजारांच्या वर जाऊ नये, लग्नाच्या रकमेत तिची गणना करू नये आणि आपला नंबर लवकर लागला तर ती रक्कम त्याच दिवशी लग्नाच्या महिन्यापर्यंत मुदत ठेवीत टाकावी, म्हणजे उरलेले हप्ते भरताना ती खर्च झालेली नसेल.