आधी दिसलं ते लिही

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि सोबतचं लिखाण, दोन्ही वाचलं. पत्र चांगलं आहे. लिखाण नाही. राग येतो तो याचा, की पत्रात तू जे सहज लिहून गेलीस ते लिखाणात कुठेच नाही. लिफ्टमधला तो माणूस रोज आरशात बघून कपाळावरची एकच बट मागे सारतो, आणि त्याचा मजला आला की त्याचा चेहरा एकदम साहेबासारखा होतो, हे तू पत्रात दोन ओळींत लिहिलंस आणि पुढे गेलीस. लिखाणात काय आहे? 'शहराची धावपळ'. 'गर्दीतला एकटेपणा'. 'सुरकुत्यांत दडलेलं आयुष्याचं गणित'.

तू विचारलंस, "काका, माझ्या आयुष्यात काही घडतच नाही. डोंबिवली, लोकल, ठाणे, ऑफिस, परत लोकल. रोजच्या जगण्यावर लिहायचं म्हणते, पण ते इतकं सपाट आहे की दोन पानं भरत नाहीत. नोकरी सोडून वर्षभर फिरून येऊ का?"

नोकरी सोडायची तर सोड, करायची तर कर. घरभाडं आणि आईला पाठवायचे पैसे, हा हिशेब तुझा तुलाच करायचा आहे. लिहिण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. डोंबिवलीच्या पुलावर उभं राहून तुला काही दिसत नसेल, तर हिमालयात जाऊनही दिसायचं नाही.

आता त्या भाजीवाल्या आजीकडे येतो. तू लिहिलंस: 'स्टेशनबाहेर भर पावसात एक म्हातारी भाजी विकत होती. तिला पाहून मन हेलावलं.' कोणती भाजी? मी ते पान उलटून मागे बघितलं, मागेही नाही. अगं, पावसाळ्यात स्टेशनबाहेर फडकं अंथरून बसणारी बाई बहुतेक वेळा मुरबाड, शहापूर, कसारा या बाजूची असते. पहाटेची गाडी धरून येते आणि रानातून खुडून आणलेलं विकते. शेवळं असतील तर तो जूनचा पहिला पाऊस. शेवळांच्या बाजूला तिने काकडांचा, म्हणजे त्या आंबट रानफळांचा, लहानसा वाटा लावला असेल, कारण काकडाच्या आंबटाशिवाय शेवळं घशाला खाजतात. टाकळा असेल तर पाला अजून कोवळा आहे, म्हणजे पाऊस लागून फार दिवस झालेले नाहीत. कंटोळी असतील तर जुलै-ऑगस्ट. फोडशी, कुर्डू, भारंगी, प्रत्येकीची वेळ वेगळी आणि निवडायची रीत वेगळी. तू नुसतं भाजीचं नाव लिहिलं असतंस तर मला महिना कळला असता, ती किती वाजता उठली असेल ते कळलं असतं, तिच्या गावामागचं रान कळलं असतं. तू मला तुझं मन कळवलंस. ते मला माहीत होतंच, तू चांगल्या घरातली चांगली मुलगी आहेस.

आधी दिसलं ते लिही. वाटलं ते नंतर.

तुला आठवतं का बघ, तू लहान असताना बीजगुणन केंद्राच्या आवारात सकाळी साडेआठला माझ्यामागे यायचीस. पर्जन्यमापकाचं झाकण काढायचं, आतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आणि ते पात्र तूच धरणार हा तुझा हट्ट. मी तुला सांगायचो, पात्र सपाट जागी ठेव आणि खाली बस. डोळा पाण्याच्या रेषेला आण. काचेच्या कडेला पाणी थोडं वर चढलेलं दिसतं, ते धरायचं नाही; मधला खालचा तळ वाचायचा. वरून उभ्या उभ्या बघितलं की आकडा चुकतो. तू निमूट उकिडवी बसायचीस, एक डोळा मिटायचीस आणि मोठ्याने आकडा सांगायचीस. तुझे बाबा तिकडून ओरडायचे, शाळेला उशीर होतोय म्हणून.

कोरड्या दिवशीही आपण जायचो, हे तुझ्या लक्षात आहे का? एप्रिलमध्ये आभाळात ढगाचा ठिपका नसताना मी झाकण काढून आत बघायचो आणि वहीत 0.0 लिहायचो. तू विचारायचीस, पाऊस पडलाच नाही तर बघायचं कशाला? तेव्हा मी तुला काय सांगितलं ते आठवत नाही. आज सांगतो. रकाना रिकामा असला तर पुढच्या माणसाला कळत नाही की पाऊस पडला नाही, की बघायलाच कोणी गेलं नाही. 0.0 म्हणजे कोणीतरी गेलं होतं, वाकलं होतं, बघितलं होतं. तू म्हणतेस तुझ्या दिवसात काही घडत नाही. तू वाकून बघितलंयस का? की लांबूनच रकाना रिकामा ठेवलायस?

एक जुनी गोष्ट सांगतो, ती तुझ्या त्या आजीशी जोडलेली आहे. आपल्याकडे एखाद्या महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचे पंचनामे त्या आकड्यापासून सुरू होतात. एका ऑगस्टमध्ये रात्रभर ओतला. ओढ्याकाठची शेतं खरवडून गेली. सकाळी मी पोचलो तर फाटकाशी माणसं उभी, त्यात माझा सख्खा चुलतभाऊ. मोजपात्र पुन्हा पुन्हा भरलं, रिकामं केलं. बेरीज आली 61.4. चुलतभाऊ हळूच म्हणाला, "दादा, चार रेषांनी कुणाचं काय जातंय?" त्याचं सोयाबीन आडवं झालेलं मी येताना पाहिलं होतं. मी 61.4 लिहिलं.

त्या घरात माझं जाणं-येणं पुढे बरीच वर्षं तुटलं. अजूनही लोक मला विचारतात, तुला काय मिळालं? मी त्यांना सांगतो आणि तुलाही सांगतो: त्या वहीवर कोणी बोट ठेवू शकलं नाही म्हणून पुढे जेव्हा 72 आणि 80 लिहिले, तेव्हा त्यालाही कोणी हरकत घेतली नाही. नुकसान झालं हे खरं होतं, आणि ते लिहायला वेगळी जागा होती. पिकाची पाहणी, फोटो, पंचनामा. मी त्याच्या शेताची पाहणी लवकर व्हावी म्हणून स्वतः तालुक्याला खेटे घातले. पण मोजपात्रात जे नव्हतं ते मी त्यात ओतलं नाही. दयेपोटी आकडा बदलला की दयाही खोटी ठरते आणि आकडाही. तू आजीवर दया केलीस आणि तिची भाजीच पुसून टाकलीस. तुझ्या दयेने तिचं काय भलं झालं?

तुला हे कठोर वाटेल. वाटू दे. मी हे तुझ्या वयाच्या बाकी कोणाला लिहिलं नसतं, त्यांना 'छान आहे, लिहीत राहा' एवढं सांगून मोकळा झालो असतो. तुझ्याकडे डोळा आहे. लिफ्टमधला माणूस तूच बघितलास ना!

आता फिरून येण्याबद्दल. सलीम अली बर्लिनहून पक्षिशास्त्र शिकून 1930 मध्ये परत आले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी गेली होती. ते कुठल्या मोहिमेवर निघाले नाहीत. अलिबागजवळ किहीमला घर होतं, तिथे जाऊन राहिले. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. कोकणातल्या प्रत्येक माणसाने ती लोंबती घरटी शंभरदा पाहिलेली असतात. हे गृहस्थ रोज त्यांच्यासमोर बसले आणि कोण काय करतं ते लिहीत गेले. तेव्हा दिसलं की घरटं विणतो नर, आणि एक नाही, अनेक. अर्धवट विणलेल्या घरट्यावर मादी येते, तपासते, पसंत पडलं तर राहते. मग नर ते पुरं करतो आणि दुसरं विणायला घेतो. इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पक्षी तेच, झाड तेच. बाकीच्यांनी कष्टाळू गृहिणी बघितली, कारण त्यांना ती बघायची होती. आधी दिसलं ते लिहिलं म्हणून यांना दुसरं काहीतरी दिसलं.

तुझ्या खिडकीच्या जाळीवर एप्रिल-मेमध्ये कावळा तारेचे तुकडे ओढतो की नाही? ओढत असेल. शहरातले कावळे घरट्यात काटक्यांबरोबर तारा घालतात. कोणत्या दिवशी पहिली तार नेली? तेव्हा कोकीळ ओरडत होता का, आणि कुठल्या झाडावरून? लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणारी बाई कोणत्या स्टेशनला पाय आत घेते? भाजीचे पैसे मोबाईलवरून दिले की ती आजी पैसे आल्याची खात्री कशी करते, स्वतः फोन बघते की शेजारच्या फुलवाल्याला विचारते? मला हे खरंच जाणून घ्यायचंय. मी तालुक्याच्या गावी बसलोय, डोंबिवलीचा पूल मला दिसत नाही.

आणि फोटो काढून ठेवते, मग नंतर लिहीन, असं म्हणू नकोस. फोटो काढ, पण त्याच जागी उभ्या उभ्या दोन ओळीही लिही. फोटोत वास येत नाही, ती काय म्हणाली ते येत नाही, आणि मुख्य म्हणजे फोटो काढला की आपण बघणं थांबवतो.

मला एक गोष्ट आयुष्यभर बोचते, ती तुला सांगायची नव्हती, पण इथवर आलोच आहे. माझे वडील शेतकरी. पाऊस थांबला की ते वावरात जायचे, मातीचं ढेकूळ उचलायचे, मुठीत दाबायचे आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडायचे. ते कसं फुटतं ते बघून सांगायचे, वापसा आला की नाही, म्हणजे माती पेरणीजोगी झाली की नाही. कधी पाऊस होऊन दोन दिवसांत हो म्हणायचे, कधी आठवडा लावायचे. गाव त्यांच्या 'हो'ची वाट बघून पेरणीला पाभर काढायचं. माझ्या वहीत त्या सगळ्या पावसांचे मिलिमीटर आहेत. त्यांचं 'हो' कुठल्या दिवशी आलं, ते एकदाही नाही. दोन्ही एका वहीत आले असते तर आमच्या त्या काळ्या रानाला किती पावसाने किती दिवसांत वापसा येतो हे आज कोणालाही सांगता आलं असतं. वडील गेले. आता ते रान कसणारा माझा पुतण्या मोबाईलवरचा अंदाज बघतो आणि मला विचारतो, आजोबा नेमकं काय बघायचे? मला मूठ आठवते. ढेकूळ किती तुकड्यांत फुटायचं, ते आठवत नाही.

म्हणून तुझ्यामागे लागलोय. तुला साहित्यिक व्हायचं की नाही, पुस्तक निघेल की नाही, याची मला फिकीर नाही. तू ज्या पुलावरून रोज जातेस तो पूल, ती आजी, ते काकडाचे वाटे, यातलं काहीही कायम राहणार नाही, आणि तुझ्याशिवाय तिथे थांबून बघणारं कोणी असेलच असं नाही. मन हेलावलं हे कोणीही लिहील. कोणती भाजी हे फक्त तूच लिहू शकतेस. आधी दिसलं ते. मग वाटलं ते लिहावंसं वाटलं तर जरूर लिही, मी अडवणार नाही. फक्त बघ, बहुतेक वेळा तोवर ते लिहायची गरज उरत नाही.

आता एक काम देतो. जुलैच्या 26-27 तारखेला डोंबिवली-ठाण्याला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मेच्या मध्यावर एकदा येऊन गेला, हा दुसरा. सरळ उभ्या खांबाची सावली त्या क्षणी दिसेनाशी होते. घड्याळात बारा वाजता नाही, पावणेएकच्या सुमाराला, कारण आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि तुम्ही त्याच्या बरेच पश्चिमेला. तुझी जेवणाची सुट्टी असेलच. खाली उतर. ऑफिसच्या फाटकाजवळ एखादा लोखंडी खांब असेल, त्याच्यापाशी साडेबारापासून उभी राहा. कोणी विचारलं तर सांग, काकांनी सांगितलंय. दर पाच मिनिटांनी सावली किती आणि कुठल्या बाजूला ते लिही. जुलै आहे, आभाळ बहुतेक भरलेलंच असेल. तरी उतर. खांबाचं वर्णन, वेळ, आणि पुढे 'ढग, सावली दिसली नाही' असं लिहून मला पाठव.

तुझा,
काका