ताशी १२० किमी वेगात ब्रेक मारला, तर गाडी ६० च्या दुप्पट अंतरात थांबते का?

नाही, दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट अंतर लागतं. गाडी थांबवणारं बल म्हणजे टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण, आणि वेग वाढला म्हणून ते काही वाढत नाही. गतिज ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ती सगळी त्याच घर्षणाला जिरवावी लागते. कोरड्या रस्त्यावर घर्षणांक (टायरची रस्त्यावरची पकड सांगणारा आकडा) ०.७ धरला तर ६० ला साधारण २० मीटर, १२० ला तब्बल ८०. समृद्धी महामार्गावर पुढच्या गाडीच्या मागे चिकटून चालवणाऱ्यांनी हा आकडा खरंच ध्यानात ठेवावा. फक्त, हे अंतर ब्रेक लागल्यापासूनचं आहे. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी १२० च्या वेगात आणखी ३३ मीटर मागे पडलेले असतात. पावसात तर घर्षण कमी, म्हणून थांबायचं अंतर याहून जास्त.