पोकरमध्ये जिंकायला गणित जास्त लागतं की अंतर्ज्ञान?

आधी गणित. एक डाव बघा. फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं, उघडलाय, तुमची आणि टेबलावरची मिळून बदामाची चार पानं झालीत. न दिसलेली पानं ४७, त्यात बदाम ९. म्हणजे पुढच्या पानावर फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) लागण्याची शक्यता साधारण १९ टक्के. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या ढिगात, १०० चिप्स होत्या, समोरच्याने ५० लावल्या. तुम्ही ५० घातल्यात की पॉट २०० चा होतो, म्हणजे निदान २५ टक्के शक्यता हवी. नुसता हिशेब सांगतो, डाव सोडा.

पण फ्लश लागल्यावर हा गडी आणखी चिप्स घालणार असेल, तर कॉल, म्हणजे त्याच्याइतक्याच चिप्स घालणं, परवडतो. तो घालेल का, हे कोष्टकात सापडत नाही. आतापर्यंत त्याने कधी मोठं लावलं, कधी हात आखडला, हे ज्याने ध्यानात ठेवलंय त्यालाच ते कळतं. लोक अंतर्ज्ञान म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं.

चेहरा वाचण्याचं कौतुक मात्र मला अवाजवी वाटतं. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रामने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांच्या सामन्यात हरवलं, आणि तेही कुणाचा चेहरा न बघता! नवीन असाल तर आधी पॉट ऑड्स, म्हणजे वरचा पॉटचा हिशेब, तोंडपाठ करा.