टिपणं जमायची, मुदत मागता येईना

"मॅडम, वकिली माझ्याच्यानं होणार नाही. मी न्यायाधीशाची परीक्षाच देते." समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली ती खुर्चीत टेकायच्या आतच बोलली. (नाव सांगत नाही, थोडे तपशीलही बदललेत.) मुंबईत उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींकडे दीड वर्ष लॉ क्लार्क होती, म्हणजे खटल्यांचा अभ्यास करून त्यांना टिपणं काढून द्यायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात त्याच न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) सुरू झालं, म्हणून ती घरी परतली आणि इथल्या एका सीनिअरांकडे लागली. दोन महिन्यांत झोप उडाली.

घडलं होतं एवढंच. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात सीनिअरांनी तिला कैफियतीसाठी, म्हणजे दाव्याला प्रतिवादीच्या लेखी उत्तरासाठी, मुदत मागायला उभं केलं. समन्स बजावल्यापासून कैफियतीला मिळतात ते ३० दिवस उलटले होते. "उशीर का?" असं न्यायाधीशसाहेबांनी विचारलं आणि हिची जीभ टाळ्याला चिकटली. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

मी आधी चुकलेच. सभाधीटपणा नाही असं समजून श्वासाचे व्यायाम दिले. पुढच्या खेपेला म्हणाली, "श्वास घेतला मॅडम. मग शांतपणे गप्प उभी राहिले." दोघीही हसलो. आणि मग खरं बाहेर आलं. "तिकडं माझं टिपण न्यायमूर्ती वाचायचे. इथं शिरस्तेदार म्हणतात, जरा बाजूला व्हा, वकिलांना येऊ दे."

बोलायची भीती नव्हतीच ती. पुन्हा पहिलीत बसायची लाज होती.

मी विचारलं, "तिकडं मुदत मागणाऱ्यांपैकी कोण बरं वाटायचं?" क्षणात उत्तर आलं, "कारण एका वाक्यात सांगून तारीख स्वतःच सुचवणारे." मग तेच लिहून काढलं: फेरफाराचे उतारे मिळायचेत, न्यायालय वाढवून देऊ शकतं ते ९० दिवस अजून संपलेले नाहीत, १२ दिवस द्यावेत. मी न्यायाधीश झाले, जमेल तितकी खवट. चौथ्या वेळी तिनं मलाच गप्प केलं.

परीक्षेचं कोडं तिनंच सोडवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५च्या निकालानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षं वकिलीची अट आणली. लॉ क्लार्कचा काळ त्यात धरतात. "म्हणजे अजून दीड वर्ष उभं राहणं आलंच की!" सीनिअर देतात त्या मानधनात भागत नाही, हा प्रश्न मात्र उरतोच. तो माझ्या खोलीत सुटणारा नाही, हेही तिला सांगितलं.

परवाच्या भेटीआधी तिचा फोन आला. "मॅडम, कोर्टाच्या आजच्या बोर्डावर आमच्या खटल्याचा बत्तिसावा नंबर आहे. उशीर होईल, चालेल?"

कारण एका वाक्यात. मी म्हटलं, "तारीख सुचव."

"शुक्रवार, साडेसहा."