जावात रिफ्लेक्शनने फील्ड्स वाचताना पालक क्लासची फील्ड्स का दिसत नाहीत?

रिफ्लेक्शन म्हणजे प्रोग्राम चालू असतानाच क्लासमध्ये काय काय आहे ते कोडने तपासणं. समजा, तुमचा 'कर्मचारी' क्लास 'व्यक्ती'ला एक्स्टेंड करतो. गेटडिक्लेअर्डफील्ड्स वापरल्यावर पगार आणि हुद्दा दिसतात, पण नाव आणि जन्मतारीख गायब. यात तुमचं काही चुकलेलं नाही, ही मेथड चालतेच तशी.

'डिक्लेअर्ड' म्हणजे त्या क्लासमध्ये जेवढं लिहिलंय तेवढंच, प्रायव्हेटसकट. गेटफील्ड्स वरच्या क्लासपर्यंत जातं, पण फक्त पब्लिक फील्ड्स देतं. आपली फील्ड्स बहुधा प्रायव्हेट असतात, म्हणून तिथे हाती रिकामी अ‍ॅरे येते. दोन्ही एकत्र देणारी मेथड जावात नाही. स्वतःच एकेक पायरी चढायची: या क्लासची डिक्लेअर्ड फील्ड्स घ्या, गेटसुपरक्लासने वर जा, पुन्हा घ्या, नल मिळेपर्यंत.

मला हे एका ऑडिट लॉगने शिकवलं. जुनी आणि नवी नोंद ताडून काय बदललं ते टिपणारा कोड मी लिहिला होता. पत्ता बदलला तरी लॉग कोराच राहायचा, कारण पत्ता पालक क्लासमध्ये होता. टेस्टमधल्या क्लासला पालकच नव्हता, त्यामुळे टेस्ट सगळ्या पास. तेव्हापासून अशा कोडच्या टेस्टमध्ये मी निदान दोन पायऱ्यांचा वारसा ठेवतोच, तुम्हीही ठेवा.

वर चढताना कुठे थांबायचं, हेही ठरवा. प्रायव्हेट फील्ड वाचायला सेटअ‍ॅक्सेसिबल लागतं. आपल्या क्लासवर ते सहसा चालतं. पण तुमचा क्लास अ‍ॅरेलिस्टवरून आलेला असेल, तर जावा १६ पासून (२०२१) जेडीकेच्या (जावासोबत येणाऱ्या क्लासेसच्या) आतल्या प्रायव्हेट फील्डवर थेट इनअ‍ॅक्सेसिबलऑब्जेक्टएक्सेप्शन येतं. प्रोग्राम सुरू करताना अ‍ॅड-ओपन्सचा पर्याय देऊन ते दार उघडता येतं, पण मी उघडत नाही. पॅकेजचं नाव 'जावा'ने सुरू झालं की लूप थांबवतो.

हायबरनेट (जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवणारी लायब्ररी) वापरत असाल तर आणखी एक खाच आहे. लेझी लोड झालेल्या, म्हणजे गरज पडेल तेव्हाच डेटाबेसमधून भरल्या जाणाऱ्या, ऑब्जेक्टवर गेटक्लास तुमचा क्लास देत नाही, त्याने बनवलेला प्रॉक्सी सबक्लास देतं. वर चढून तुमची फील्ड्स सापडतात, पण त्यांत नल किंवा शून्यासारखी डिफॉल्ट मूल्यं असतात, कारण खरी मूल्यं प्रॉक्सीमागच्या ऑब्जेक्टमध्ये असतात. आधी अनप्रॉक्सी करा, मग वाचा.

आणि फील्ड्सच्या क्रमावर विसंबू नका. जावाचं डॉक्युमेंटेशन त्याची हमी देत नाही. लॉगमध्ये रकाने ठरलेल्या क्रमाने हवे असतील तर नावाने सॉर्ट करा.