‘रक्तात आहे’ म्हणजे नेमके काय?

“रक्ताचाच कॅन्सर म्हटल्यावर लेकीच्या रक्तात उतरणारच ना, ताई?” हा प्रश्न कर्करोग समुपदेशनात मला या ना त्या शब्दांत सतत विचारला जातो. ज्या कुटुंबाविषयी लिहीत आहे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत), तिथे तो आईने विचारला. तिच्या पन्नाशीतल्या शेतकरी नवऱ्याला चार वर्षांपूर्वी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, झाल्याचे निदान झाले होते आणि इमॅटिनिबच्या रोजच्या गोळीने आजार उत्तम आटोक्यात होता. त्या खेपेला मात्र बीसीआर-एबीएलचे, म्हणजे रक्ततपासणीत मोजल्या जाणाऱ्या या आजाराच्या खुणेचे, प्रमाण ०.०८ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर गेले होते. औषध लागू पडेनासे झाले आहे की गोळ्याच चुकत आहेत, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवले.

गोळ्याच चुकत होत्या. मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू होते. पाहुणे येणार असले की गोळ्यांचा डबा धान्याच्या कोठीमागे जाई आणि दोन-दोन दिवस तिथेच राही. त्या घराला आजारापेक्षा ‘त्यांच्या घराण्यात कॅन्सर आहे’ या एका वाक्याची अधिक धास्ती होती.

मराठीत ‘रक्तात असणे’ याचा अर्थच वंशपरंपरेने येणे असा होतो, आणि या भीतीचे मूळ बरेचसे त्या शब्दप्रयोगात आहे असे मला वाटते. म्हणून मी पेशीपासून सुरुवात केली. निरोगी पेशी आपल्या मनाने विभागत नाही: नव्या पेशींची गरज भासली की बाहेरून रासायनिक संदेश येतो, पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन तो स्वीकारते, आतली कायनेज नावाची विकरे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडत तो केंद्रकापर्यंत पोहोचवतात, आणि काम झाले की दुसरी विकरे फॉस्फेट काढून घेऊन संदेश थांबवतात. सीएमएलमध्ये अस्थिमज्जेतल्या एका मूळपेशीत नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून आखूड झालेले बाविसावे गुणसूत्र नोवेल आणि हंगरफोर्ड या शास्त्रज्ञांना १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसले, आणि ही अदलाबदल असल्याचे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. त्या सांध्यावरच्या जनुकापासून बनणारे बीसीआर-एबीएल हे कायनेज बाहेरून संदेश आलेला नसतानाही अखंड चालू राहते.

“म्हणजे स्टार्टरचे पॉइंट चिकटले,” इतका वेळ गप्प असलेले वडील म्हणाले. “लाल बटण दाबले तरी मोटार बंद होत नाही.”

याहून नेमके मला सांगता आले नसते. इमॅटिनिब त्या कायनेजची, फॉस्फेट पुरवणारा एटीपी हा रेणू बसण्याची खाच अडवून धरते, पण बिघडलेले जनुक दुरुस्त करत नाही. गोळ्या चुकत गेल्या की मोटार पुन्हा सुरू होते. दीर्घकाळ फार चांगला प्रतिसाद टिकलेल्या काही रुग्णांची गोळी डॉक्टर देखरेखीखाली थांबवतात, मात्र तो निर्णय घरात घ्यायचा नसतो.

आईच्या प्रश्नाचे उत्तर हा बिघाड कुठे झाला यातच होते. तो वडिलांच्या जन्मानंतर, अस्थिमज्जेतल्या एका पेशीत झाला. ज्या बीजपेशींतून मूल जन्माला येते, त्यांत तो नाही. त्यामुळे सीएमएल मुलीकडे वारशाने जात नाही आणि तिची त्यासाठी तपासणी करण्याचीही गरज नाही. कोणताच कर्करोग आनुवंशिक नसतो, असे मात्र मी म्हणणार नाही. बीआरसीए-१ किंवा आरबी-१ या जनुकांतला दोष जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असू शकतो, आणि तशा कुटुंबाला मी वेगळा सल्ला देते.

पाहुण्यांना काय सांगायचे, यावर त्या दोघांचे एकमत होत नव्हते. लपवू नका, कारण लपवण्यातच गोळ्या चुकतात, एवढे मी ठामपणे सांगितले. पुढच्या खेपेला मुलगी स्वतः आली, मी काढलेले गुणसूत्रांचे चित्र मागून घेतले आणि म्हणाली, “आता विचारतील त्यांना मीच समजावते.”

तीन महिन्यांनी प्रमाण ०.३ टक्क्यांवर आले होते. डॉक्टरांना ते ०.१ च्या खाली हवे आहे. ही गोळी जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते, म्हणून डबा आता माठाशेजारी असतो, असे आईने आपणहून सांगितले.